मालकांच्या पायाखालचा गालिचा

“चपला राहू द्या पायात, मावशी. आत गेल्यावर अनवाणी तुम्हालाच नकोसं होईल,” दार उघडता उघडता सून म्हणाली. तिने नाकाला रुमाल लावला होता आणि बोलतानाही तो काढला नाही.

मावशींनी तरी चपला बाहेरच काढल्या. ज्या घरात गालिचा अंथरलाय त्या घरात पायताण घालून शिरलेलं मालकांना खपत नसे. एकदा तर एका बड्या गिऱ्हाइकाला त्यांनी त्याच्याच दिवाणखान्यात बूट काढायला लावले होते. आता मालक आतल्या खोलीत अंथरुणाला खिळले होते, कोण काय घालून आलं ते बघायला उठणार नव्हते. पण मावशींचा पाय काही चपलेसकट उंबरा ओलांडेना.

वाफेचं मशीन त्यांनी जिन्यातच ठेवलं होतं. ऑफिसातल्या मुलीने सकाळी पत्ता सांगितला तेव्हा ‘दुसऱ्या कुणाला पाठव’ असं त्यांच्या अगदी ओठावर आलं होतं. पण दुसरं कुणी आलं असतं तर आल्या आल्या नळी जोडून गालिचा उकडून काढला असता, म्हणून गप्प बसल्या आणि गाडीत जाऊन बसल्या.

मावशी म्हणजे कुणाची सख्खी मावशी नव्हे. नवरा कामाच्या शोधात गेला तो तिकडचाच झाला, तेव्हा त्या मालकांच्या गालिचे धुण्याच्या आवारात धूळ झाडायच्या कामाला लागल्या. बरोबर बहिणीची लहान लेक असायची. ती दिवसभर मावशी मावशी करत मागे फिरायची, म्हणून सगळेच तसं म्हणायला लागले. मालकसुद्धा, वयाने चांगले मोठे असून. उमेदीची सगळी वर्षं त्या आवारात गेली. मग मालकांना पक्षाघाताचा झटका आला, मुलाने आवार विकलं, आणि मावशींना मशीनवाल्या कंपनीचा निळा एप्रन चढवावा लागला. झटका आल्यापासून त्या मालकांना भेटायला आल्या नव्हत्या. आज जाऊ, उद्या जाऊ करता करता राहूनच गेलं होतं. खरं सांगायचं तर त्या माणसाला आडवं पडलेलं बघायची त्यांची छाती होत नव्हती.

“बोलतात का?” त्यांनी दबक्या आवाजात विचारलं.

“दोन शब्द. ‘हळू’ आणि ‘नको’. डॉक्टर म्हणाले, आयुष्यभर तोंडात घोळलेले शब्द तेवढे उरतात कधीकधी. ‘नको’चं मला नवल नाही वाटलं. पण ‘हळू’? या घरात त्यांनी कुणाला हळू म्हटलेलं मी तरी ऐकलं नाही. तुमच्याकडे म्हणत असतील.”

“आमच्याकडे ओरडून म्हणायचे,” मावशी म्हणाल्या.

सुनेला हसू आलं. हसताना रुमाल खाली आला आणि डोळ्यांखालची काळी वर्तुळं दिसली. बाई पस्तिशीची असेल नसेल. केस कसेबसे वर बांधलेले, एका हाताच्या बोटांची फिनेलने सालं निघालेली. ती पुढे झाली आणि तिने आतल्या खोलीचं दार ढकललं.

वास मावशींना नवीन नव्हता. लोकर, मूत, त्यावर ओतलेलं फिनेल, त्यावर मारलेली अत्तराची फवारणी. गालिच्यांत आयुष्य काढलेल्या माणसाला त्यातला एकेक थर वेगळा कळतो. त्यांनी नाकाला हात लावला नाही.

खाटेवर मालक उशांना टेकून बसवलेले होते. एके काळी आवाराच्या फाटकातून अंग तिरकं करून शिरावं लागेल असा देह, आता सदऱ्यात मावून वर जागा उरली होती. तोंडाची उजवी बाजू उतरलेली. डोळे मात्र तेच. ते आधी मावशींच्या पायांकडे गेले. पाय अनवाणी दिसले तसे वर सरकले आणि एप्रनवर येऊन थांबले. एप्रनवर कंपनीचा फेसाचा फुगा छापलेला होता.

“मीच आहे मालक,” मावशी म्हणाल्या. “सोंग तेवढं त्यांचं आहे.”

मालकांच्या घशातून कसलासा आवाज आला. हसले की खोकले ते कळलं नाही.

गालिचा खाटेखालून निघून खिडकीपर्यंत पसरलेला होता. हाताने गाठी मारलेला, लाल जमिनीचा, निळ्या किनारीचा. कुणा गिऱ्हाइकाने धुवायला टाकला आणि नेलाच नाही, म्हणून बरीच वर्षं वाट पाहून मालकीणबाईंनी तो घरी आणवला होता. त्या गेल्या, गालिचा राहिला. खाटेलगतची त्याची जागा आता काळपट पडली होती आणि तिथल्या लोकरीचे गुंतून गोळे झाले होते.

“मी काय काय केलं नाही म्हणून विचारा,” सून खिडकी उघडत म्हणाली. “पहिल्यांदा झालं तेव्हा उकळतं पाणी ओतलं. मग कपड्यांची पावडर टाकून खसाखसा घासलं. मग फरशीचं फिनेल. कुणी म्हणालं खाण्याचा सोडा टाका, तो टाकला, तो आत जाऊन बसला. शेवटी केस वाळवायच्या यंत्राने वाळवत बसले तर वास दुप्पट. चुकलं का सगळं?”

यातली एकही गोष्ट लोकरीला करायची नसते. गरम पाण्याने डाग पक्का बसतो, घासलं की लोकर गोळा होते, आत राहिलेला साबण मळ ओढत राहतो. पण मावशींनी ते बोलून दाखवलं नाही. “घाईला माणूस हाताला लागेल ते ओततो. माझ्या घरी झालं असतं तर मीही तेच केलं असतं.”

“तो काढूनच टाकणार होते मी. पण व्यायाम घ्यायला मुलगी येते ना, ती म्हणते, हात लावू नका. यांच्या डाव्या पायाला कळतं, उजव्याला नाही. फरशीवर पाय टेकला की घाबरतात, मागे बसतात, धरायला गेलं तर आपल्यालाच घेऊन पडतील. गालिच्यावर मात्र उभे राहतात. हे बघा, असा कठडा धरून. फार वेळ नाही. पण राहतात. ती म्हणते, खरखरीत लोकर तळपायाला लागते त्याने धीर येतो.” सून बोलता बोलता थांबली. “आणि उभे राहिले की होतं. दर वेळी नाही. पण होतं.”

मालकांनी मान भिंतीकडे वळवली.

मावशींचा फोन वाजला. कंपनीतला साहेब होता. “पोचलात? केमिकल मारा, वाफ मारा, पुढच्या घरी निघा. बारीक बघत बसू नका.” मावशी ‘हो हो’ म्हणाल्या आणि फोन एप्रनच्या खिशात टाकला. मग सुनेला म्हणाल्या, “मशीन नाही लावणार मी. हा घेऊन जाते. माझ्या खोलीवर वर गच्ची आहे, तिथे थंड पाण्यात सावकाश धुते.”

“परत कधी आणाल?”

“ऊन कसं पडतंय त्यावर आहे. जाड लोकर आहे. ओला आणून टाकला तर आणखी कुजेल.”

“आणि तोवर हे उभे कशावर राहायचे?” सुनेचा आवाज एकदम चढला. मग तिने मालकांकडे पाहिलं, मावशींच्या दंडाला धरून त्यांना दाराबाहेर घेतलं आणि दार लोटलं. “मावशी, खरं सांगू? परत नाही आणलात तरी चालेल मला. माझ्या केसांना हा वास येतो. ऑफिसात लिफ्टमध्ये शेजारी कुणी उभं राहिलं की मी अंग चोरते. मुलीच्या मैत्रिणी घरी यायच्या बंद झाल्या, ती काही बोलत नाही, पण कळतं ना. आणि हे, म्हणजे त्यांचा मुलगा, त्यांना अलीकडे सारखं कामासाठी बाहेरगावी जावं लागतं. अलीकडेच, बरं का.” तिने डोळे पुसले. “मी वाईट नाही हो. आधी सकाळी उठले की वाटायचं, आज बाबा जरा जास्त वेळ उभे राहतील. आता वाटतं, आज उभेच राहू नयेत.”

 मावशींनी तिच्या सालं निघालेल्या बोटांवर हात ठेवला. “याला तेल लावत जा,” एवढंच म्हणाल्या.

दोघी परत आत आल्या. मालकांना खुर्चीत बसवायचं काम जिकिरीचं होतं. सुनेने त्यांच्या काखेत हात घातला, मावशींनी पाय उचलले. पाय हलके होते आणि थंडगार होते. खाट सरकवली, मग मावशी गुडघ्यांवर बसल्या आणि त्यांनी काळपट कोपऱ्याला हात घातला.

“हळू,” मालक म्हणाले.

शब्द स्वच्छ होता. एवढ्या वर्षांत बदलला नव्हता. मावशींचा हात आपोआप सैल पडला, कोपरा त्यांनी बोटांऐवजी तळव्यावर घेतला आणि उलटवला. पाठीमागून गालिचा आणखी वाईट होता. लाटेने वाळूवर सोडावी तशी तपकिरी रेघ दूरवर गेली होती.

आवारात मालकांना मागून सगळे ‘ओलं फडकं’ म्हणायचे. गालिचा कितीही ओळखीचा असो, पाणी घालण्याआधी पांढरं फडकं ओलं करून प्रत्येक रंगावर दाबायचं आणि ते मालकांना नेऊन दाखवायचं. त्याखेरीज बादलीला हात लावायचा नाही. नव्या पोरी वैतागायच्या. मावशीही वैतागल्या होत्या. पुढे पुढे त्यांना रंग बघूनच अंदाज येऊ लागला, तरी फडकं दाबल्याशिवाय चैन पडेना. आताही त्यांनी खिशातून फडकं काढलं, सुनेने आणलेल्या पाण्यात भिजवून पिळलं, निळ्यावर दाबलं, मग लालवर. निळ्याने रंग सोडला नाही. लाल मात्र फडक्याला लागला, गुलाबी, ओलाव्याबरोबर कडेकडेने पसरत गेला. मावशींनी फडकं नेऊन मालकांच्या समोर धरलं.



“थंड पाणी, व्हिनेगर घालून,” मावशी म्हणाल्या. “साबण नावापुरता. घासायचं नाही, दाबून दाबून काढायचं, आणि भिजत ठेवायचा नाही. बरोबर ना?”

 मालकांचा डावा हात खुर्चीच्या दांडीवरून उठला आणि गालिच्याच्या दिशेने हवेत तसाच राहिला. सुनेला वाटलं पाणी हवंय. मावशींना कळलं. त्यांनी काळपट कोपरा ओढून त्यांच्या मांडीवर आणून ठेवला.

एका हाताने घडी घालता येईना, तेव्हा मावशींनी दुसरी बाजू धरली. दोघांनी मिळून कोपरा दुमडला. मालकांनी कान खाली आणला. मावशींनीही मान जवळ नेली. घडी दाबली तसा आत बारीक आवाज झाला, वाळकी काटकी मोडावी तसा. मालकांनी बोट थोडं अलीकडे सरकवलं. तिथेही तसाच आवाज. आणखी अलीकडे. तिथेही.

गालिच्याच्या गाठी लोकरीच्या असल्या तरी त्या ज्यावर मारलेल्या असतात तो ताणा सुताचा असतो. लोकर बरंच सोसते. सूत कुजतं. कुजलेलं सूत वाळलं की असं कडकड बोलतं, आणि पाण्यात घातलं की बोलतही नाही, सरळ सुटतं. गालिचा वरून दिसायला गालिचा राहतो, पण उचलायला गेलं की तुकडे हातात येतात.

मावशींना हे माहीत होतं आणि मालकांना माहीत होतं. दोघांची डोकी एकमेकांना लागण्याइतकी जवळ होती.

“होईल मालक,” मावशी म्हणाल्या. “खाली चादर घालते, चादरीसकट पाण्यात उतरवते. एकटीच धुते, कुणाला हात लावू देत नाही. होईल.”

“नको.”

“अहो, बघू तर एकदा. याहून अवघड धुतलेत आपण.”

“नको,” मालक म्हणाले. या वेळी इतक्या जोरात म्हणाले की ओठाच्या उतरलेल्या कोपऱ्यातून लाळ ओघळली. सून पुसायला पुढे झाली तर त्यांनी हाताने तिला थांबवलं. मांडीवरचा कोपरा त्यांनी सरळ केला, लोकरीची लव एका दिशेला बसेल असा तळवा फिरवला, आणि तो खाली सोडून दिला.

“काय नको?” सुनेला काही उमगेना. “धुवायचा नाही? मग हा असाच ठेवायचा का? मावशी, तुम्ही सांगा ना त्यांना.”

“त्यांनीच मला सांगितलं,” मावशी म्हणाल्या. “तो संपलाय. धुतला तर चिंध्या होतील. टाकायला हवा.”

 सुनेला सुटल्यासारखं वाटलं असणार आणि त्याची लाजही वाटली असणार, कारण ती घाईघाईने खाटेची चादर नीट करायला लागली. चादर नीटच होती.

मग मावशींनी गालिचा सगळा उलथून पाहिला. खिडकीखाली, कपाटाच्या सावलीत, एक भाग धड होता. घडी घातली तर आवाज येत नव्हता, नाकाला फक्त लोकरीचा वास येत होता. दोन पाय शेजारी शेजारी टेकतील एवढाच. मावशींनी मालकांकडे पाहिलं. गालिच्याला कात्री लावणं म्हणजे आवारात पाप होतं. फाटला तर सांधायचा, झिजला तर विणायचा, पण कात्री नाही.

“एवढा काढून घेऊ?” त्यांनी विचारलं.

 मालकांनी डोळे मिटून घेतले.

कापण्याआधी शिवावं लागतं, नाहीतर गाठी सुटत जातात. मावशींनी जाड सुईने त्या तुकड्याच्या चारही बाजूंनी दुहेरी टीप घातली आणि मग टिपेच्या बाहेरून कात्री चालवली. कात्री लोकरीतून जाताना करकरत होती. ते होईपर्यंत मालकांनी डोळे उघडले नाहीत. उरलेला गालिचा दोघींनी गुंडाळला, दोरीने बांधला आणि खाली कचऱ्याच्या गाडीपाशी उभा केला. मावशींनी जाताना साहेबाला फोन केला. काम झालं नाही, गालिचा गेलेला होता. साहेब काय बोलला ते त्यांनी नीट ऐकलं नाही.

तुकडा त्यांनी आपल्या खोलीवर धुतला. मशीनच्या कामावरून आल्यावर गुडघे वाकत नसत, तरी त्या परातीपुढे पाट टाकून बसल्या. आधी उलटा धरून काठीने हलके हलके झाडला, धूळ पडायची थांबेपर्यंत. मग थंड पाण्यात व्हिनेगर घातलं, फडकं दाबून लाल थांबतोय का ते पाहिलं. थांबला. चिमूटभर साबण पाण्यात विरघळवून तळव्याने दाबत राहिल्या, लवेच्या दिशेने, कधी उलट नाही. पाणी बदललं, पुन्हा बदललं, शेवटचं पाणी पिता येईल इतकं नितळ निघालं. दोन टॉवेलांत घालून त्यावर उभ्या राहिल्या, आणि तुकडा सावलीत आडवा पसरला.

आभाळ भरलेलं होतं. लोकर वाळेना. कंपनीत कुणी आजारी पडलं आणि मावशींच्या वाट्याला दुप्पट घरं आली. सकाळी तुकड्याला हात लावून बघायच्या, संध्याकाळी बघायच्या, वरून कोरडा पण आतून गारवा. इस्त्री फिरवावी, शेगडीशेजारी ठेवावा असं दहादा मनात आलं. ठेवला नाही. पूर्ण वाळल्यावर त्यांनी पुन्हा कड शिवली, लाल दोऱ्याने, कडेलगत कडेलगत. शेवटची बाजू उरली होती तेव्हा कामावर जायची वेळ झाली, म्हणून ती जरा भराभरा शिवली.

सुट्टीच्या दिवशी तुकडा कापडात गुंडाळून त्या मालकांच्या घरी गेल्या. या वेळी दारात वास आला नाही. रंगाचा वास आला. आतल्या खोलीला रंगारी पांढऱ्या रंगाचा हात देत होता आणि खाट नव्हती.

मावशींच्या हातातलं बोचकं तिथल्या तिथे गळून पडायला आलं.

“नाही नाही, आहेत,” सून घाईने म्हणाली. “आहेत हो. शुश्रूषागृहात ठेवलंय. बसा ना.” तिने स्वतःच खुर्ची ओढली आणि स्वतःच तीत बसली. “गालिचा गेल्यावर उभेच राहिले नाहीत. व्यायामाच्या मुलीने रबराची चटई आणली, ती बघून ‘नको’. पांघरुणाची घडी घातली खाली, ‘नको’. मग पाय आखडत गेले. पाठीला जखम झाली. मला एकटीला उलटवता येत नव्हतं मावशी. नवरा बाहेरगावी, मुलीची परीक्षा... तिथे सगळं आहे. डॉक्टर आहेत, माणसं आहेत. तुम्ही मला नावं ठेवू नका.”

“नाही ठेवत.”

“लवकर आणला असतात तर...” सून म्हणाली आणि जीभ चावली.

“वाळत नव्हता,” मावशी म्हणाल्या.

रंगाऱ्याने शिडी सरकवली.  मग सुनेने कागदावर पत्ता लिहून दिला आणि जिन्यापर्यंत सोडायला आली. तिची सालं निघालेली बोटं बरी झाली होती.

शुश्रूषागृह बसने बरंच लांब होतं. लांबलचक खोली, भिंतीला लागून खाटा, जमिनीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिकट हिरवं गुळगुळीत प्लास्टिक. एक परिचारिका मोठा ओला पोचा फिरवणाऱ्या बाईला कुठे कुठे राहिलं ते दाखवत होती. मालक खिडकीशी चाकाच्या खुर्चीत बसले होते, छातीला पट्टा बांधलेला. पायांत रबरी ठिपक्यांचे मोजे होते. दोन्ही पाय जमिनीवर होते, पण ठेवल्यासारखे होते.

“मालक.”

त्यांनी मान वळवायला वेळ लावला. ओळखलं की नाही ते मावशींना कळेना. त्या खाली बसल्या, बोचकं सोडलं आणि तुकडा त्यांच्या मांडीवर ठेवला.

डावा हात आला. त्याने लव कुरवाळली नाही, रंग पाहिला नाही. तुकडा उलटा केला. आवारातही मालक धुतलेल्या गालिच्याची आधी पाठ बघत आणि मग तोंड. पाठीवरून त्यांचा अंगठा फिरत गेला, मग कडेवर आला, लाल टाक्यांवरून सरकत एक बाजू, दुसरी, तिसरी. चौथ्या बाजूला अंगठा थांबला आणि तिथेच दाबून राहिला. टाका सैल होता.

“हो, दिसलाय मला,” मावशी म्हणाल्या.  “घाई झाली हो. उसवून पुन्हा घालते.”

मालकांनी अंगठा उचलला.  त्या दोन शब्दांपैकी एकही आला नाही. मावशींनी परिचारिकेला विचारलं, “यांना जरा उभं करता येईल का? दोघींनी धरलं तर?”

“नाही हो. आता पाय सरळच होत नाहीत त्यांचे. भेटायला आलात, बसा, बोला त्यांच्याशी.”

मावशींनी त्यांचे मोजे काढले. टाचा मऊ पडल्या होत्या, तान्ह्या मुलासारख्या. त्यांनी तुकडा जमिनीवर पसरला, उजवा पाय हाताने उचलून त्यावर ठेवला, मग डावा. उजवा ठेवला तसा पडून राहिला. डाव्याची बोटं जराशी आखडली, मग एकेक करून लोकरीत पसरली. मावशी तिथेच खाली बसून राहिल्या. आवारातल्या जुन्या बायकांपैकी कोण कुठे आहे, कुणाच्या लेकीचं लग्न झालं, आवाराच्या जागी आता गाड्या उभ्या करायची जागा झाली, असं काहीबाही सांगत राहिल्या. मालक ऐकत होते की नाही कोण जाणे. पाय मात्र हलले नाहीत.

पोचा जवळ आला. “मावशी, ते उचला आता,” परिचारिका म्हणाली. “इथे कापडी काही चालत नाही. कुणी अडखळून पडलं तर माझ्यावर येईल.”

“धुतलेलं आहे. स्वच्छ आहे अगदी.”

“असेल हो. पण नियम आहे. घरी ठेवा, आठवण म्हणून.”

 मावशी पुढे सरकल्या. उजवा पाय उचलून त्यांनी बाजूच्या प्लास्टिकवर ठेवला, तो तिथे राहिला. डाव्याला हात लावायच्या आतच तो आपण होऊन उचलला गेला. मावशींनी तुकडा ओढून घेतला, लव आत करून गुंडाळला आणि काखेत धरला. पोचावाली बाई थांबली होती. डावा पाय खाली आला नाही. जमिनीपासून चार बोटं वर, गुडघ्यापासून थरथरत, तो तसाच राहिला. मालक खिडकीबाहेर बघत होते.

मावशींनी त्या पायात मोजा चढवला, टाचेपर्यंत नीट ओढला. तरी मालकांनी तो खाली टेकवला नाही.